मानाची पहिली धाव

माझ्या नवऱ्याला आणि माझ्या भावाला एका खोलीत बसवून शहाण्यासारखं वागायला लावील असा माणूस अजून जन्माला यायचाय. मी स्वतः प्रयत्न करून थकले आहे, म्हणून बोलते.

दोन हजार चार साल. मस्तगडला अण्णासाहेबांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या वर, माडीवर, आमचा क्लास. बाहेरच्या खोलीत मी टायपिंग शिकवायची. आतल्या खोलीत आमचे हे, म्हणजे धर्मराज, आणि माझा धाकटा भाऊ वसंता कॉम्प्युटर शिकवायचे. वसंता आईसोबत बदनापूरला राहायचा, रोज रेल्वेने यायचा. दोघंही हुशार. एकच हुशार माणूस असता तर आमचा क्लास फार शांतपणे चालला असता.

झालं असं, की बियाणाच्या एका दुकानदाराने शेतकऱ्यांची यादी करायला दिली. एका ओळीत एक शेतकरी. नाव, गाव, पीक, नेलेल्या पिशव्या, आणि मधे स्वल्पविराम. ओळ स्वल्पविरामापाशी कापायची आणि तुकडे वेगवेगळ्या रकान्यांत टाकायचे, एवढंच काम. पर्ल नावाच्या भाषेत ते करायचं ठरलं. इथवर दोघांचं एकमत होतं.

ह्यांचं म्हणणं, या भाषेत कापायची तयार आज्ञाच आहे, स्प्लिट म्हणतात तिला. ओळ द्यायची, तुकडे घ्यायचे, मोकळं व्हायचं. वसंताचं म्हणणं, तयार आज्ञा चार गावं फिरून येते. त्यापेक्षा आपणच पहिला स्वल्पविराम हुडकायचा, तिथवरचा तुकडा काढायचा, मग पुढचा हुडकायचा, मग पुढचा तुकडा. असं केलं तर जल्दी होतं. मला त्यातलं इतकंच समजलं, की नवरा गवारीची जुडी करून विळीवर एकदम चिरणार, भाऊ एकेक शेंग निरखून चिरणार, आणि तरी भाऊ म्हणतो की माझीच भाजी आधी चुलीवर चढेल.

बरं, घाई कुणाला होती? दुकानदाराची यादी कशीही कापली तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत कापून व्हायची. मग कोण पुढे ते कळेना, म्हणून या दोघांनी यादीच वाढवली. तीच यादी तिच्याच खाली चिकटवली. ती दुप्पट झाली, ती पुन्हा चिकटवली. यादीत पहिलं नाव कुणा कडूबाचं होतं. त्याने कपाशीच्या दोन पिशव्या नेल्या होत्या. बघता बघता आमच्या मशीनमध्ये हजारो कडूबा झाले, आणि प्रत्येक जण दोन-दोन पिशव्या घेऊन उभा. खरा कडूबा तिकडे आपल्या शेतात निंदत असेल, त्याला या भानगडीचा पत्ताही नाही.

भांडण वाढत गेलं आणि एक दिवस बोलणं बंद झालं. म्हणजे त्यांचं आपसातलं. माझ्याशी दोघंही बोलायचे, दुप्पट बोलायचे.

"अक्का, दाजींना सांग, खडूचा डबा तिकडं सरकवा म्हणावं."

दाजी हाताच्या अंतरावर बसलेले. मी टायपिंग सोडून आत जायचं आणि सांगायचं, "अहो, खडूचा डबा सरकवा."

"त्याला सांग, स्वतः उठून घे म्हणावं. उठून घेणं जल्दी होतं."

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण नेमका धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांतून एकदा येणारा, आणि आमच्या लग्नानंतरचा पहिलाच. पहिल्या धोंड्याला जावई सासरी जेवला नाही, तेहतीस अनारशांचं वाण त्याच्या हातात पडलं नाही, तर गल्लीतल्या बाया पुढचा धोंडा येईपर्यंत आईला विचारत राहणार, काय झालं म्हणून. वडील माझ्या लग्नाच्या आधीच गेले. तेव्हा आवतन द्यायचं ते वसंताने. आईने, गिरिजाबाईने, अनारशाचे तांदूळ भिजवून, वाळवून, कांडून पीठ मुरत ठेवलं होतं. जावयासाठी धोतरजोडी घ्यावी की पँटचं कापड, यावर ती रात्रंदिवस विचार करत होती. आणि तिचा लेक जावयाशी खडूच्या डब्यापुरतंसुद्धा बोलत नव्हता.

मी वसंताला धरलं. "आवतन कधी देणार?"

"देतो की. आधी दाजींनी म्हणावं, वसंता, तुझं जल्दी हाय."

घरी ह्यांना धरलं. "तो बोलवील, तुम्ही एकदा हो म्हणून टाका."

"खोटं बोलून धोंडे खाऊ का मी? घशाखाली उतरतील का?"

मला दोघांच्याही डोक्यात टाइपरायटर घालावा वाटत होता. उचलत नव्हता म्हणून वाचले.

शेवटी अण्णासाहेबच जिना चढून वर आले. वरच्या आरडाओरड्याने खाली साड्या बघणाऱ्या बाया उठून जात होत्या. अण्णासाहेबांनी सगळी उमर शंकरपटात घालवलेली. बैलजोडी सुटली की झेंडी पडायची, आणि जोडी किती सेकंदांत पोचली ते यांचं घड्याळ सांगायचं. पटाला जाणं गुडघ्यांनी बंद केलं, पण ते थांबघड्याळ अजून गळ्यात होतं. आंघोळीलाही काढत नसत म्हणे.

"दोन जोड्या हायत ना?" त्यांनी विचारलं. "मंग भांडता कायला? पळवा. मी हाय इथं."

नियमही त्यांनीच घातले. रोज सकाळी मशीन सुरू केलं की क्लासच्या आधी पट. एका दिवशी एका जोडीला एकच धाव. दुसऱ्यांदा कुणी मागायची नाही. "थकल्या बैलाला पुन्हा पळवनारा मानूस कसाई असतो," ते म्हणाले. ह्यांनी सांगून बघितलं की मशीन स्वतःच वेळ मोजतं, धाव संपली की पडद्यावर छापतं.

"पळनाऱ्या बैलालाच टाइम इचारायचा का?" अण्णासाहेब कडाडले, आणि पडद्यावर स्वतःचा रुमाल टाकला. धाव संपली की मशीन टीं करायचं, ती खूण धरायची. झेंडी म्हणून खालून लाल ब्लाउजपीस आणलं. ते माझ्या हातात दिलं.

पहिलं कुणी पळवायचं हा वाद होणारच होता, पण तो आईने बदनापुरात बसून मिटवला. वसंताने घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मशीनवर आधी जावई बसतील. मान असतो त्यांचा. तू मागून बस." वसंता भांडखोर असला तरी आईच्या शब्दाबाहेर नव्हता. ह्यांनाही बरं वाटलं. आमच्याकडे जावयाला पहिलं पाणी, पहिलं ताट, पहिला चहा. मशीन तेवढं कशाला सोडायचं?

पहिल्या दिवशी मी ब्लाउजपीस खाली केलं, ह्यांनी बटण दाबलं. रुमालाआडून मशीन घरघरलं, खरखरलं, आणि बऱ्याच वेळाने टीं झालं.

"एकोनीस सेकंद," अण्णासाहेब म्हणाले. "जावयाची जोडी."

मग वसंता बसला. मशीनने घरघर केली नाही की काही नाही. टीं.

"तेरा! मेव्हन्याची जोडी!"

वसंताने खोलीभर उडी मारली. हे खुर्चीवर बसूनच राहिले. असं होणं शक्य नाही, एवढंच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी जावई पहिले, एकोणीस. वसंता तेरा. तिसऱ्या दिवशी ह्यांनी रात्र जागून आपल्या चार ओळी तीनवर आणल्या. एकोणीस. चौथ्या दिवशी ह्यांनी मशीनला उदबत्ती ओवाळली. जो माणूस घरात देव्हाऱ्याकडे बघत नाही, तो. एकोणीस.

अण्णासाहेब खाली गिऱ्हाइकांना साडी दाखवताना निकालही सांगायचे. मंगळवारी मी भाजीला गेले तर भाजीवालीने विचारलं, "तुमचे मालक रोजच हारून राह्यले म्हनं?" मी जुडी न घेताच परत आले. घरी हे जेवत नव्हते. ताटातल्या भाकरीचे तुकडे करत बसायचे, लहान लहान, आणि त्यांच्याकडे बघत राहायचे. मला आता राग येत नव्हता, वाईट वाटत होतं. या माणसाला गणितात कुणी कधी हरवलेलं नव्हतं, आणि आता भाजीवाली हरवत होती.

"जाऊ द्या ना," मी म्हटलं. "म्हणा त्याला, तुझं जल्दी."

"पर्भा, ते जल्दी न्हाई," ते म्हणाले. "मला हारायचं दुःख न्हाई. पन ते जल्दी न्हाई, आन का हारून राह्यलो तेच समजून न्हाई राह्यलं."

महिना सरत आला. वसंता आवतन देईना, हे हो म्हणेनात. आणि मग एका सकाळी, पटाच्या वेळेला, जिन्यात धापा ऐकू आल्या. बघते तर आई. हातात पितळी डबा, वर फडकं बांधलेलं.

सासू वाण घेऊन जावयाच्या दारात येते, तेही क्लासात, हे मी कुणाचं ऐकलेलं नव्हतं. वाण सासरी जाऊन घ्यायचं असतं. आईने डबा मशीनच्या टेबलावर ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"जावई येत न्हाईत, ल्योक बोलावत न्हाई," ती म्हणाली. "मंग मीच आले. तेहतीस हायत. इथंच देते आन जाते पॅसेंजरनं."

ती रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. वसंता भिंतीकडे बघायला लागला. हे उठून उभे राहिले, खुर्ची आईला दिली, आणि बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. पण मधेच अण्णासाहेब आले, गळ्यात घड्याळ, आणि म्हणाले, "चला, पट. जावई पहिले."

ह्यांच्यातलं काहीतरी तुटलं. "नको," ते म्हणाले. "मला आज मान नको. चार दिवस घेतला, पुरे झाला. वसंता बसू द्या आधी."

आईचा चेहरा पांढरा पडला. जावई मान नको म्हणतो म्हणजे सोयरीकच नको म्हणतो, असा तिने अर्थ घेतला. "असं नका म्हनू जावईबापू," ती म्हणाली. आता ती खरंच रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले. एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने ब्लाउजपीस खाली केलं, कारण अण्णासाहेब डोळे वटारून उभे होते.

वसंताने बटण दाबलं. मशीन घरघरलं, खरखरलं, आणि सरता सरेना.

"एकवीस," अण्णासाहेब म्हणाले आणि घड्याळ कानाला लावून बघितलं.

मग हे बसले. घरघर नाही. टीं.

"अकरा." अण्णासाहेब ह्यांच्यापाशी गेले, वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. "काय पाजलं?"

"कुनाला?"

"बैलाला! तीच जोडी, तोच पल्ला. काल एकोनीस आन आज अकरा? पटात मी असले लै पकडलेत."

हे मशीनकडे बघत होते, मग वसंताकडे, मग आईकडे. आणि अचानक हसायला लागले. असं हसले की टेबल धरावं लागलं. आई रडायची थांबली आणि मला म्हणाली, "डोक्यावर परिनाम झाला काय गं?"

"वसंता," हे म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी त्याला सरळ हाक मारली! "यादी कुठं असती?"

"डिस्कवर."

"सकाळी मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा जो पळवतो, त्याच्यासाठी मशीन ती डिस्कवरून वाचून आनतं. म्हनून तर घरघर. मंग ती मेमरीतच राहती. मागून येनाऱ्याला आयतीच हातात. जो आधी बसला तो हारला! स्प्लिट न्हाई हारलं, तुझं बी न्हाई जिंकलं."

वसंताचं तोंड उघडं राहिलं. त्याला पटलं होतं हे दिसत होतं, आणि पटल्याचा रागही दिसत होता. "म्हंजे चार दिवस..."

"चार दिवस सासूबाईंनी मला मान देऊ देऊ हारवलं!"

मी आईला समजावून सांगितलं, पहिल्या भाकरीला तवा तापलेला नसतो तसं. तिने कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता संपलं. कसलं संपतंय? खरी जोडी बघायची तर पट नियमाने मशीन नव्याने सुरू करूनच व्हायला हवा, म्हणून वसंताने ते बंद करून पुन्हा चालू केलं, आणि आता कुणीतरी आधी बसायला हवं.

"दाजी, आधी तुमी," वसंता हात जोडून म्हणाला.

"छे छे, तू लहान. आधी तू."

"तुमचा मान हाय."

"मी दिला तुला."

"असं कसं, जावई हायत तुमी आमचे!"

दोघंही एकमेकांना खुर्चीकडे ढकलत होते. इतक्या आदराने ते लग्नातसुद्धा वागले नव्हते. अण्णासाहेबांनी नियमाचं नाव काढलं तेव्हा दोघांनी मिळून त्यांना सांगितलं की आजचा पट रद्द, कारण पल्लाच वाकडा होता. शेवटी अण्णासाहेबांनाच तोडगा सुचला. पटाआधी रस्ता मोकळ्या जोडीने तुडवून घेतात, तसं करा. तिसऱ्याच कुणाला तरी आधी पळवा, त्याचा टाइम धरायचा नाही.

तिसरं मशीनशेजारच्या खुर्चीत बसलेलंच होतं. ह्यांनी आईचं बोट धरून बटणावर ठेवलं. "दाबा, सासूबाई."

"काही फुटंल का?"

"न्हाई फुटत."

आईने डोळे मिटून दाबलं. टीं झाल्यावर तिने मशीनला नमस्कार केला आणि भिंतीशी जाऊन बसली. मग हे, मग वसंता, लागोपाठ. मी ब्लाउजपीस दोनदा खाली केलं. कुणाच्याही वेळी घरघर झाली नाही. दोन टीं झाले, आणि आम्ही सगळे अण्णासाहेबांकडे वळलो.

अण्णासाहेबांच्या डाव्या हातात घड्याळ होतं आणि उजव्या हातात अर्धा अनारसा. डब्याचं फडकं सुटलेलं. मिशीला खसखस.

"लै कुरकुरीत झालेत," ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघितलं. ते दाबायचंच राहिलं होतं.

आई किंचाळली. "वाणातला खाल्ला? मोजून तेहतीस होते!"

"दोनच खाल्ले, बाई."

"उष्टं झालं की वाण! आता कसं देऊ जावयाला?"

या गोंधळात ह्यांनी पडद्यावरचा रुमाल उचलला. मी त्यांच्या मागेच उभी होते. मशीनने दोन्ही वेळा छापल्या होत्या, एकाखाली एक. स्प्लिट अकरा, वसंताचं तेरा. हे जिंकले होते. साफ जिंकले होते, सगळ्यांसमोर सांगण्यासारखे. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांनी आईकडे बघितलं. ती खाली बसून उरलेले अनारसे पुन्हा पुन्हा मोजत होती, जणू मोजले की वाढणार होते. मग ह्यांनी दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि पडदा कोरा झाला.

"किती आलं दाजी?" वसंताने विचारलं.

"बराबर," हे म्हणाले. "दोघांचं बिलकुल बराबर निघालं."

वसंताने आईच्या हातातला डबा काढून घेतला. मग म्हणाला, "दाजी, हे वाण तर गेलं. नवीन करावं लागंल. परवा घरी या धोंडे जेवायला. अक्काला घेऊन."

"येतो की," हे म्हणाले. मी ब्लाउजपीस डोळ्यांना लावलं. ते अण्णासाहेबांच्या दुकानातलं आहे याचं भान राहिलं नाही.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी आम्ही बदनापूरला गेलो. आईने पुन्हा तेहतीस तळले होते आणि डब्याला चक्क कुलूप लावलं होतं. धोतरजोडीही घेतली होती, पँटचं कापडही. मी आत पुरण घेत होते तेव्हा वसंता तूप न्यायला आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"अक्का, दाजी जिंकले होते. दोन सेकंदांनी. मी बी बघितलं, तुझ्या खांद्यावरून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर त्यांचं खोटं उघडं पडलं असतं की. तू नको सांगू त्यांला." तो तुपाची वाटी घेऊन बाहेर गेला.

मी मागोमाग गेले. आई ताटं वाढत होती. पहिलं ताट हातात घेतलं आणि मधेच थबकली. एकदा जावयाकडे, एकदा लेकाकडे बघितलं. पहिलं देणं आता मानाचं की नुकसानीचं, हे तिला ठरवता येईना. बिचारी ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

"द्या इकडं, सासूबाई," हे म्हणाले. "आधी मीच."

आईने ताट त्यांच्यापुढे ठेवलं. वसंताने वाकून त्यांच्या धोंड्यावर तूप सोडलं, आणि पुरे म्हणेपर्यंत सोडत राहिला. ह्यांनी पुरे म्हटलंच नाही.